उंदराचं औषध आणि मायचा बिबा

ज्यांच्या घरात सध्या असा आजार मुक्कामाला आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. धीर द्यायला लिहिते असं म्हणणार नाही. मला तेव्हा कोणी धीर दिला की त्याच्या डोक्यात भांडं घालावंसं वाटायचं. माझी वाट कशी गेली तेवढं सांगते. तुमची तशीच जाईल असं नाही.

मान

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी तिशीच्या आतली. गाव बपेरा, तुमसरच्या पुढं, मध्यप्रदेशाच्या शिवेला. घरी धानाची शेती, सासू, नवरा, लहानगी सुनी आणि मी. माझी पक्की समजूत होती, की आख्ख्या गावात आपल्यासारखी मान कोणाची नाही. काळी पोत घालून आरशापुढं इतकी वळायची, की एकदा मायनं, म्हणजे सासूनं, विचारलं, "काय व शेवंते, मानेत लचक भरली का?"

त्याच आरशात एक दिवस दिसलं, की पोत एका बाजूला सरकते आहे. कानाखाली मान भरलेली. या शहाणीला काय वाटलं असेल? वाटलं, अंगावर मांस चढतंय! मी खूश. पुढं दुसऱ्या बाजूलाही तसंच झालं, तेव्हा तर मी मायला मिरवून दाखवलं, "पाहा, तुमच्या घरचा भात मानवला."

मायनं दोन बोटांनी दाबून पाहिलं. "दुखते का?"

"नाही."

"मंग हे भाताचं नोहे, पोरी."

तुमसर झालं, भंडारा झालं, मग नागपूर. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. उत्तराच्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. हे बाहेर आले आणि म्हणाले, "चहा घेते का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, या माणसानं मला कधी चहा विचारला नव्हता. मी लगेच हो म्हटलं, वर समोसाही मागितला. अर्धा समोसा खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की नवरा माझ्याकडं पाहतोय आणि त्याच्या चहावर साय धरली आहे. तेव्हा कळलं. नाव नंतर कळलं, लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. पण कळायचं ते त्या सायीवर कळलं. उरलेला अर्धा समोसा मी कागदात गुंडाळून ठेवला.

गेली म्हणेपर्यंत आली

नागपूरची औषधं शिरेतून जायची. केस गेले, तोंडाची चव गेली, सुनी जवळ यायला भिऊ लागली. पण गाठी विरघळल्या. पुढच्या हंगामात परत आल्या. पुन्हा औषधं. या वेळी अर्ध्याच विरघळल्या आणि आल्या त्या आधीपेक्षा टणक. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आमच्याकडची औषधं आता हिच्या गाठींना लागू पडत नाहीत. मुंबईत एक डॉक्टर नव्या तऱ्हेच्या औषधाची चाचणी घेत आहेत, तिथं जाऊन पाहा.

हे म्हणाले, जाऊ. माय म्हणाली, नको.

मी मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होते. भिंतीपलीकडून मायचा आवाज आला, "मुंबईले मरायले कायले नेतं? मरन तं घरी मरन."

माझ्या हातातलं सूप थांबलं. मला वाटलं, म्हातारीला मी नकोशी झाले. त्यानंतर आम्हा दोघींत बोलणं म्हणजे 'मीठ दे' आणि 'घे', एवढंच उरलं. हे मधल्या मध्ये कधी तिच्या ताटाकडं पाहायचे, कधी माझ्या. आजार एकाला होतो आणि घास सगळ्या घराच्या घशात अडकतो, हे मी तेव्हा शिकले.

शेवटी ह्यांनी तोड काढली. सुनीला माझ्या माहेरी नाकाडोंगरीला सोडलं. धानाची कापणी आटोपली होती, पण चुरणं, म्हणजे मळणी, व्हायची होती. त्यामुळे हे पोचवून परत येणार आणि दवाखान्यात माझ्याजवळ राहणार कोण, तर माय! मला वाटलं, आधीच कॅन्सर, त्यात ही.

उंदराचं

मुंबईचे डॉक्टर विदेशात शिकून आलेले, पण चष्मा आमच्या तलाठ्यासारखाच नाकावरून घसरणारा. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि सांगितलं, ते साधारण असं:

"गाठीतल्या पेशींना नेमकं ओळखून चिकटणारी एक गोष्ट आम्ही उंदराच्या पेशींकडून बनवून घेतो. तिला अँटिबॉडी म्हणतात. ती चिकटली की पेशीवर खूण पडते. मग तुमच्याच शरीरातली फौज त्या पेशी मारते, असं आम्हाला वाटतं."

"वाटतं?" ह्यांनी विचारलं.

"वाटतं. म्हणूनच ही चाचणी आहे. काहींच्या गाठी उतरल्या, काहींना काहीच फायदा झाला नाही. यांचं काय होईल हे मला माहीत नाही."

माय पुढं सरकली. ती म्हणाली, "उंदराचं?"

तुम्हाला धानाचं घर माहीत नसेल तर सांगते. ढोलीत धान भरलं की बायकांचं आयुष्य उंदरांशी झुंजण्यात जातं. मायचा नेम तर असा, की बसल्या जागेवरून पायली फेकून उंदीर लोळवायची. "जल्मभर ज्याइले मारलं, त्याइचं पानी माह्या सुनेच्या अंगात टाकता जी?"

डॉक्टरांनी पुढची अडचण सांगितली. शरीर फार हुशार असतं, आज ना उद्या ते उंदराला परका म्हणून ओळखतं आणि औषधावरच उलटतं. तशात बाटली चढवली तर श्वास बंद पडू शकतो.

त्यावर मी काय विचारावं? "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं झोपेत उंदीर टाचा कुरतडतात. म्हणजे माझी नि उंदराची ओळख आधीपासूनची आहे. चालेल का?"

ह्यांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "त्यानं फरक पडू नये. पण आपण नुसत्या अंदाजावर जाणार नाही. प्रत्येक बाटलीच्या आधी हातावर औषधाचा एक थेंब टोचायचा. जागा फुगली नाही तर बाटली. फुगली तर बाटली नाही, आणि पुढं कधीच नाही."

मी हो म्हटलं. मायनं खिडकीकडं तोंड फिरवलं. माझी नात आजही विचारते, आजी, तुला शेपूट आली होती का? मी म्हणते, आहे ना, लुगड्यात खोचून ठेवते.

पहिली बाटली

थेंब टोचला. जागा सपाट राहिली. बाटली लागली. पाव बाटली गेली असेल नसेल, अंगात अशी हुडहुडी भरली की लोखंडी पलंग फरशीवर वाजू लागला. दातांवर दात आपटत होते आणि मी, शूर झाशीवाली, "मला घरी न्या" म्हणून ओरडत होते. केरळच्या सिस्टरनं बाटली हळू केली, घोंगड्यांवर घोंगड्या टाकल्या. वरून माय माझ्या पायांवर आडवी पडून राहिली, पलंग वाजायचा थांबेपर्यंत.

शेजारच्या पलंगावर साताऱ्याकडच्या एक मास्तरीणबाई होत्या. आजार तोच, औषध तेच. त्या बाटली लावून पुस्तक वाचायच्या. थंडी नाही, ताप नाही, काही नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. काहीच न होण्यात वाईट काय असेल, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या बाटलीनंतर डॉक्टरांनी मापायचा चिमटा गाठीला लावला. चष्मा वर केला, पुन्हा लावला. "कमी आहे," म्हणाले.

"किती?"

"थोडी. पण कमी आहे."

मास्तरीणबाईंच्या गाठीला चिमटा लावून त्यांनी नुसता आकडा लिहून घेतला.

काटा रुतला की

दोन बाटल्यांच्या मधले दिवस आम्ही जवळच्या धर्मशाळेत काढायचो. दुसऱ्या बाटलीनंतर मी अंग मोडून पडले होते. मायचं लक्ष माझ्या हातावर, थेंब टोचला होता त्या बारीकशा ठिपक्यावर गेलं.

आमच्याकडं बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, काम करताना पायात काटा रुतला, की काढून त्या जागी बिब्याचा चटका देतात. सुईला टोचून बिबा ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की थेंब जखमेवर. पिकत नाही, चिघळत नाही. लहानपणापासून माझ्या पायांना असे किती चटके बसले असतील! मायच्या कमरेच्या पिशवीत सुपारीबरोबर बिबा कायमचा.

"हात दे," ती म्हणाली. मी दिला. स्टोव्हच्या ज्योतीवर बिबा चरचरला, थेंब पडला, मी कळवळले. "सोंगं नोको करू," ती म्हणाली. झालं. हात धुवावे इतकी साधी गोष्ट, दोघीही विसरून गेलो.

तो बिबा उतला. कोणाकोणाच्या कातडीला तो सोसत नाही. भोवताली लाल चकंदळ, पाण्याचे फोड, खाज. तसं पूर्वीही व्हायचं, म्हणून मी त्याचा विचारच केला नाही.

तिसऱ्या बाटलीचा दिवस. बाटली खांबाला टांगून तयार. डॉक्टरांनी थेंब टोचायला माझा हात हातात घेतला आणि तसेच थांबले. अंगठ्यानं ती जागा चाचपली.

"हे केव्हा उठलं?"

"झाले काही दिवस."

"दुसरं कुठलं औषध चालू आहे? कोणाचं? खरं सांगा."

"नाही," मी म्हटलं.

"काईच नाही जी," माय म्हणाली.

आम्ही दोघी अगदी खरं बोलत होतो.

डॉक्टर पलंगाच्या कडेला उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "टोचल्या जागी उशिरानं उठलंय. शरीरानं औषध ओळखलं. आता पुढं देता येणार नाही. गाठ उतरायला लागली होती, म्हणून मला फार…" सिस्टरला खूण केली. तिनं खांबावरून बाटली काढायला हात वर केला.

मी त्या बाटलीकडं पाहत होते. पाण्यासारखंच तर दिसायचं ते. ती काढली की माझ्यासाठी या दवाखान्यात काही उरणार नव्हतं, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यातही नाही. सुनीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर आठवेना. ज्या बयेला एरवी गप्प बस म्हणावं लागायचं, ती नेमकी तेव्हा मुकी.

"काहून नेता जी बाटली?" मायनं विचारलं.

"आजी, इकडं या. हे पाहा. इथं टोचलं होतं, इथंच फुगलंय. म्हणून."

माय वाकली. माझा हात उजेडाकडं वळवला. "हे?" ती म्हणाली. "हे तं बिबा उतला हाय."

"काय?"

"बिबा जी. मीच लावला. काटा रुतला की लावतो आमी."

डॉक्टर मटकन पलंगावर बसले, माझ्या पायावरच. "अहो, मी आत्ता विचारलं ना, दुसरं औषध काही आहे का म्हणून!"

"थे औषद नोहे," माय म्हणाली. "थो बिबा हाय."

मास्तरीणबाईंनी पुस्तक तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलत होते. डॉक्टर मात्र भडकले. काय काय बोलले! तुमच्या एका थेंबानं हिचा जीव गेला असता, समजतंय का, आणि आमची सगळी चाचणी पाण्यात गेली असती. मायनं मान खाली घालून सगळं ऐकलं. गावात कोणी तिला एवढं बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती.

मग त्यांनी दुसऱ्या हातावर नवा थेंब टोचला. वाट पाहायची. मी छताकडं पाहत पडले. डॉक्टर घड्याळाकडं पाहत होते. माय माझ्या हातावर डोळे रोवून, उतू जाणाऱ्या दुधापुढं बसावं तशी बसली. मला वाटायचं, खाज सुटली का? सुटलीच. नाही, नाकाला सुटली होती.

जागा सपाट राहिली.

बाटली परत टांगली गेली. डॉक्टरांनी हात पुढं केला, "आजी, तो बिबा इकडं." मायनं पिशवी सोडली, बिबा त्यांच्या हातावर ठेवला आणि पिशवी पालथी करून दाखवली.

औषध निम्मं जाईपर्यंत ती रिकामी पिशवी चाचपत बसली. मग म्हणाली, "माह्यापायी गेली असती व बाटली."

मी काही चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "माय, भूक लागली."

दोन्ही हात

तिसरीनं चांगलं काम केलं. काखेतली गाठ बोटांना शोधावी लागू लागली. मानेच्या गाठी सुपारीएवढ्या राहिल्या.

मास्तरीणबाईंचं औषध बंद झालं. त्यांच्या हातावर कधीच काही उठलं नाही, आणि गाठी वाढतच राहिल्या. सामान बांधताना त्या माझ्यापाशी आल्या, माझ्या मानेला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "उतरतेय हो शेवंताबाई. म्हणजे औषध खोटं नाही." त्यांच्या बोलण्यात जळफळाट नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. पुढं त्यांचं काय झालं ते तुम्हाला समजलं असेल.

चौथ्या बाटलीच्या दिवशी डॉक्टरांनी थेंब टोचला आणि आमच्या डोळ्यांदेखत ती जागा वर आली. वाटाण्याएवढी. मग भोवती लाल कडं. खाज कोपरापर्यंत चढली.

"बिबा हाय थो," माय म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"मीच लावला जी. काल. बजारातून नवा आनला. मले बोला, काय बोलाचं थे बोला, पन बाटली लावा."

तिनं काही लावलं नव्हतं. मला माहीत होतं. सिस्टरलाही कळत होतं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "मी हे आत्ता टोचलं. तुमच्यासमोर."

"मंग दुसऱ्या हातावर पाहा. मांगच्या टायमाले पायलं ना दुसऱ्या हातावर."

त्यांना पाहायची गरज नव्हती. तरी त्यांनी पाहिलं. सुई घेतली, दुसऱ्या हातावर थेंब टोचला आणि मायच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. तोही उठला.

"अर्धी द्या जी," माय म्हणाली. "अर्धी बाटली. थे उंदराचंच. हळूहळू सोडा."

"तिचा श्वास बंद पडेल, आजी."

"नाही पडत. मी पाहतो ना. मी हितंच बसतो."

"नाही, आजी."

मायनं माझे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि त्या दोन फुगलेल्या जागांवर आपले पंजे ठेवले. झाकलं म्हणजे जणू डॉक्टर विसरतील. मरन तं घरी मरन, म्हणणारी बाई हीच! भिंतीआडून ऐकलेल्या तेवढ्याशा वाक्यावर मी महिनोन् महिने हिचा राग राखला होता. तिला तेव्हा कसली भीती वाटत होती, हे मला या हातांखाली समजलं. माझ्या अकलेला गाडी नेहमी उशिराचीच मिळते.

बाटली माझी गेली होती, पण समजूत मला तिची काढावी लागली. "माय, हात काढा," मी म्हटलं, "खाजवू तरी द्या."

रोवणा

आम्ही परत आलो. डॉक्टर म्हणाले होते, औषधाला जेवढं करता आलं तेवढं त्यानं केलं, आता काही न करता वाट पाहायची. हे सगळ्यात कठीण. बाटली, सुई, थंडी यांत निदान काहीतरी घडत असतं. घरी बसून मी दिवसभर मान चाचपायची. इतकी, की कातडी सोलवटली आणि ती सूज पाहून पुन्हा घाबरले. हे शेतातून आले की आधी माझ्या मानेकडं पाहायचे, मग तोंडाकडं. सुनी मात्र पहिल्या दिवशी दाराआड राहिली, दुसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली आणि माझ्या नव्या, मुलासारख्या केसांना तेल लावू लागली. तुमच्याही घरी असं एखादं माणूस असेल, ज्याला तुमच्या तपासण्यांशी देणंघेणं नाही. त्याला जवळ ठेवा.

आषाढात दाखवायला बोलावलं होतं. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, मजूर मिळायची मारामार, तरी माय माझ्याबरोबर निघाली. डॉक्टरांनी मान पाहिली, काख पाहिली, जांघ पाहिली, पुन्हा मानेवर आले. त्यांची बोटं इतकी हळू फिरत होती, की मी श्वास रोखून धरला. एका जागी ती थांबली. मग पुढं सरकली.

"हाताला काही लागत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे बरी झाले?"

"म्हणजे आज हाताला काही लागत नाही. पुढचं मला माहीत नाही."

तेव्हा मला हे उत्तर फार अपुरं वाटलं होतं. पुढं पुष्कळ वर्षांनी एक गाठ आली, ती वेगळ्या औषधानं गेली. त्या वेळीही एका दुसऱ्या डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं. एवढ्या उत्तरावर माणूस आजी होऊ शकतो.

पण मायला डॉक्टरांचा हात पुरेसा नव्हता. "सरका जी," म्हणून तिनं त्यांना बाजूला केलं. चिखलानं भेगाळलेली तिची बोटं माझ्या कानाखाली आली. दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. डावीकडं. उजवीकडं. डॉक्टर चष्मा हातात घेऊन, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे उभे होते.

मायनं हात काढला. माझा पदर ओढून मानेभोवती नीट केला.

"चाल," म्हणाली. "रोवणा पडून हाय."